बॉनेट उचललं की जाणारा आवाज

आमचा मिस्त्री इंजिन ऐकायचा ते लांब पेचकसानं. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडाला. मी शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचो. इतक्या वर्षांत त्याचं निदान चुकलेलं मी दोनदाच पाहिलं. गाडी चालवून आवाज शोधणं त्याला कमीपणाचं वाटे.

त्याची मुलगी नर्स. जुन्या गाडीनं रोज लांबच्या हॉस्पिटलात जायची. पंधरा दिवसांपासून गाडी पुढून टकटक करत होती. वाटेत बंद पडली तर काय, या धास्तीनं ती गाडी घेऊन बापाकडे आली. चालवताना सारखा आवाज येतो, असं तिनं सांगितलं. चालवणाऱ्याला त्यातलं काय कळतं, म्हणून त्यानं तिला बाकावर बसवलं.

गाडी वाजत आत आली हे आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. त्यानं बॉनेट उचललं, त्याला टेकू द्यायचा दांडा लावला, पेचकस कानाला लावला. आवाज गेलेला.

पहिल्या दिवशी त्यानं इंजिनचा पट्टा बदलला. बॉनेट लावलं, पुन्हा टकटक. दुसऱ्या दिवशी पुलीचं बेअरिंग काढलं. बोटावर फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं, तरी नवं बसवलं. चांगला भाग काढायचा म्हणजे हात चालतात, डोकं नाही. मी तसं बोललो, तर म्हणाला, "तू तुझे सांधे जोड."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं इंजिनचे सगळे नटबोल्ट आवळले. जेवला नाही. शेवटी हातातले दोन पाने भिरकावले. मुलगी ड्यूटी संपवून आली, पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, उद्या मी गाडी दुसरीकडे दाखवते."

दुसऱ्या गॅरेजात मिस्त्रीच्याच मुलीची गाडी, याचा अर्थ काय होतो ते तिघांनाही कळत होतं.

इंजिन चालूच होतं. बॉनेट लावायला तिनं ते एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं दांडा काढून खाली त्याच्या जागी आडवा ठेवला. बॉनेट अजून वरच होतं, आणि टकटक सुरू झाली.

"सोडू नकोस," तो म्हणाला. त्यानं दांड्यावर बोट ठेवलं. शांत. बोट उचललं. टकटक.

बॉनेट बंद असताना दांडा ज्यात अडकून राहायचा ती प्लास्टिकची खाच तुटली होती. तीन दिवस तो बॉनेट उचलून त्याच दांड्यावर टेकवत होता. मग वाजणार काय? आणि खाच मोडली असणार मिस्त्रीनंच, पंधरवड्यापूर्वी ऑइल बदलताना. त्या बॉनेटला दुसरं कोणी हात लावत नव्हतं.

त्यानं रबरी नळीचा वीतभर तुकडा कापला, दांड्यावर चढवला, तारेनं बांधला. दोन मिनिटांचं काम. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा.

"सांगितलं होतं ना, चालवताना आवाज येतो म्हणून," मुलगी म्हणाली.

"सांगितलं होतंस." तो हात पुसत राहिला. मग खाली बघूनच विचारलं, "उद्या कुठे नेणार गाडी?"

"कामावर," ती म्हणाली.