मलईचा लगाम आणि माझा जबडा

घोड्याचा लगाम माणसाने स्वतःच्या तोंडात घालून बघू नये. दातांच्या कॉलेजात हे मला कोणीही शिकवलं नाही.

मी दातांचा डॉक्टर. इंदूरला भंवरकुआं भागात माझा दवाखाना आहे. तिथली कोचिंगची मुलं रात्र-रात्र जागून चॉकलेटं खातात आणि माझ्या संसाराला हातभार लावतात. घोड्यांशी आमच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. (एकदा आला होता, माझ्या लग्नात. त्या घोड्याने मला मंडपाऐवजी बँडवाल्यांच्या टेम्पोपर्यंत नेलं आणि तो तिथेच उभा राहिला. जाऊ दे!) पण आमची सई पंधराव्या वर्षी बेटमा रोडवरच्या क्लबात घोडेस्वारी शिकायला लागली आणि घरात पोह्यांपेक्षा जास्त चर्चा मलईची व्हायला लागली.

मलई ही क्लबातली घोडी. रंग मलईचा आणि तोंड तिच्याहून नाजूक! लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात जातो त्याला बिट म्हणतात. सईने लगाम जरा ओढला की मलई मान वर फेकायची, जबडा वासायची आणि जीभ बाहेर काढून सगळ्या क्लबाला दाखवायची. सईची पहिली स्पर्धा रविवारी होती. घोडी किती शांतपणे, किती डौलात चालते, यावरच तिथे गुण मिळतात.

"बिटिया, ऐसे तो जज नंबर काट लेगा," सईचे उस्ताद चौहान साहेब म्हणाले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, मिशीसुद्धा अटेन्शनमध्ये. "बिट बदलो. पर नियमवाला ही चाहिए."

नियम कडक होते. पिळाच्या तारेचं बिट चालत नाही. बिटावर कापड-बिपड गुंडाळलेलं चालत नाही. बिट नकोच म्हटलं तर तेही चालत नाही! अधिकारी घोड्याच्या तोंडात बोट घालून तपासतो आणि चूक दिसली की थेट बाहेर.

सईने जेवण टाकलं. "बाबा, मलईला सोसेल असं बिट नाही मिळालं ना, तर मी स्पर्धेत उतरणारच नाही. तिला दुखवून मला नंबर नको."

पोरीचं हे बोलणं ऐकून माझा ऊर भरून आला. आणि माझा ऊर भरून आला की घरात काहीतरी मोडतं.

"अगं, तोंडाचाच प्रश्न आहे ना? मग घरात डॉक्टर कशाला आहे?" मी गरजलो.

"तुम्ही माणसांचे डॉक्टर आहात," वृंदा म्हणाली. ही माझी बायको. दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळते, आणि मलाही.

"तोंड ते तोंड!"

"कुकर दुरुस्त करताना पण 'वाफ ती वाफ' म्हणाला होतात." तिने छताकडे बघितलं. वरणाचा डाग अजून तिथे आहे.

मी लक्ष दिलं नाही. गुरुवारी सकाळी मी दातांचा साचा घ्यायची गुलाबी पेस्ट घेऊन क्लबात पोचलो. म्हटलं, मलईच्या तोंडाचं बरोबर माप काढू, मग बिट चुकणारच नाही. मोठ्ठा ट्रे भरला आणि तिच्या ओठांपाशी नेला. पेस्टला स्ट्रॉबेरीचा वास होता. मलईने तो हुंगला, माझ्याकडे प्रेमाने बघितलं आणि साचा खाऊन टाकला. सगळा! वर ट्रे चाटून दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन 'कुछ नी होगा' म्हणेपर्यंत माझाच रंग मलईसारखा झाला होता.

चौहान साहेबांनी मिशीत हसू गिळलं आणि क्लबातली तीन बिटं माझ्या हातात दिली. "तीनों नियम की हैं, डॉक साब. आज़मा के देख लो. पर प्लीज़, इलाज मत करना!"

आता तीनांतून निवडायचं कसं? इथे माझं इंदुरी रक्त बोललं. आम्ही इंदूरची माणसं चाखल्याशिवाय काही घेतो का हो? शेवेच्या दुकानात जा, "भिया, पेले चख के देखो" म्हणत मूठभर लौंग शेव हातावर पडल्याशिवाय आम्ही पाव किलोसुद्धा तोलू देत नाही. स्वतःसाठी शेव चाखून घ्यायची आणि त्या मुक्या जनावरासाठी लोखंड न चाखता? हा कुठला न्याय!

शनिवारी दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हते. मी तिन्ही बिटं मशीनमध्ये उकळून निर्जंतुक केली (मूर्ख असलो तरी डॉक्टर आहे) आणि सईला समोर बसवून एकेक चाखायला बसलो. पहिलं चांगलं जाडजूड होतं. जाड म्हणजे मऊ, असं मला वाटलं होतं. तोंडात घातल्यावर जीभ ठेवायला जागाच उरली नाही. नापास! दुसऱ्याला मधोमध सांधा होता. ओढल्यावर त्याचा कोन झाला आणि टाळूला टोचला. नापास! तिसऱ्याला मात्र मध्ये एक छोटा गुळगुळीत तुकडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सांधे. ते जिभेवर असं अलगद बसलं की मी डोळे मिटले.

"हेच!" मी म्हणालो. "पण लगाम ओढल्यावर कळेल. सई, बांध लगाम आणि मागे उभी राहा."

"बाबा, नको ना यार."

"मलईसाठी!"

घोड्याच्या तोंडात दात नसलेली एक फट असते, तिथे बिट बसतं. माझे दात शाबूत. म्हणून मी जबडा होता नव्हता तेवढा वासला आणि बिट दाढांपर्यंत सरकवलं. मग बिचकत लगाम धरलेल्या सईवर हात नाचवत ओरडलो, "ओअ! ओअ!" म्हणजे 'ओढ, रोज ओढतेस तशी ओढ!'

पोर आज्ञाधारक. तिने ओढलं.

कट्ट!

सईने घाईघाईने बिट काढलं, पण तोंड मिटेना. जबडा खोबणीतून निसटला होता! जांभई देता देता जबडा निसटलेली कोचिंगची मुलं माझ्याकडे येतात, मी तो चुटकीसरशी बसवतो. पण स्वतःचा बसवायला दुसरा डॉक्टर लागतो.

"आआ! आआआ!" मी वृंदाला सांगितलं.

"चहा?"

"आआआआ!"

"मग नीट बोला ना! तोंडात काय धरलंय?"

तेवढ्यात दाढ दाखवायला शर्मा आंटी आत आल्या. डॉक्टर आ वासून उभा, हनुवटीवरून लाळ गळतेय, मागे मुलगी लगाम घेऊन रडतेय. आंटींनी गालावरचा हात काढला. "दर्द चला गया, बेटा," म्हणाल्या आणि ज्या गेल्या त्या गेल्याच.

रस्त्यापलीकडे दातांचेच डॉक्टर जैन बसतात. त्यांनी माझ्याहून मोठा बोर्ड लावल्यापासून आमचं बोलणं 'नमस्तेजी'च्या पुढे जात नसे. पण करतो काय? तोंडावर रुमाल धरून मी भंवरकुआंच्या ट्रॅफिकमध्ये उतरलो. वृंदाने दोन बोटांनी माझी बाही धरली होती. उलट्या दिशेने रिक्षा आली की ती बाही जरा ओढायची, मी थांबायचो. सैल सोडली की चालायचो. पोचलो एकदाचे.

जैनसाहेबांनी दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवले आणि प्रेमाने विचारलं, "और डॉक साब, प्रॅक्टिस कैसी चल रही है? ये हुआ कैसे?"

माझ्या तोंडात त्यांचे दोन्ही हात आणि ते मला प्रश्न विचारतात! इतकी वर्षं मी पेशंटांना हेच करत आलो, ते त्या खुर्चीत मला कळलं. शेवटी वृंदानेच सगळं सांगितलं. ते ऐकून जैनसाहेब इतके हसले की त्यांना हात बाहेर काढून भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून त्यांनी जबडा खाली दाबला, मागे ढकलला आणि तो खटकन बसून मिटला, त्यांच्या दोन्ही अंगठ्यांसकट. बोर्डाचा हिशेब तेवढ्यापुरता फिटला.

सई हमसून हमसून रडत होती. "बाबा, सॉरी! मी मलईला रोज एवढंच ओढते. रोज! ती जीभ काढून तेच सांगत होती ना?"

"बिट तिसरंच घे," मी दात न उघडता म्हणालो. "छान आहे. पण ओढू नकोस, बाळा. फार दुखतं गं."

रविवारी मी हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी बांधून मैदानावर हजर होतो. अधिकाऱ्याने मलईच्या तोंडात बोट घातलं, बिट पाहिलं, मान डोलावली. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"और ये?"

"इनका चेक हो गया," चौहान साहेब म्हणाले.

सई मलईवर बसून मैदानात उतरली. लगाम असा धरलेला, जणू हातात चिमणीचं पिल्लू आहे. पहिल्या फेरीत मलईचा विश्वास बसेना. ती ओढण्याची वाटच बघत होती. मग हळूहळू तिने मान खाली आणली, ओठ मिटले आणि अशी चालली, अशी चालली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला शाबासकी ओरडायची होती, पण पट्टीतून नुसतं 'म्म्म' निघालं. नंबर आला नाही. पण जजबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "घोड़ी का मुंह कितना शांत है! बिट किसने चुना?"

सईने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझी पट्टी पाहिली आणि पुढे काही विचारलं नाही.

परतताना शेव घ्यायला थांबलो. दुकानदाराने सवयीने मूठ पुढे केली. "भिया, पेले चख के देखो!"

माझा हात पुढे गेला, पट्टीतल्या पट्टीत जबडा उघडायला लागला. मागून वृंदाने माझ्या बाहीला नुसती दोन बोटं लावली. मी तोंड मिटलं आणि निमूट गाडीकडे वळलो.

"आई, काय हलका हात आहे गं तुझा!" सई थक्क झाली.

"तुझे बाबा लग्नात घोड्यावरून उतरले ना," वृंदा शेव तोलून घेत म्हणाली, "तेव्हापासूनची प्रॅक्टिस आहे!"