कपाटातले सुतार

माझे मामा तीस वर्षं नाटकात होते, पण रंगमंचावर त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि याचाच त्यांना अभिमान होता. ते एका नाटक मंडळीचे सुतार होते. पडद्यामागच्या माणसाचं नखसुद्धा प्रेक्षकाला दिसता कामा नये, असा त्यांचा दंडक. एका प्रयोगात त्यांचं कोपर खिडकीतून क्षणभर दिसलं होतं. कुणी त्यांना काही बोललं नाही, तरी त्यांनी आपण होऊन आठवडाभर चहा बिनसाखरेचा घेतला, असं मामी सांगते.

त्या मंडळीची नाटकं बरीच आली आणि गेली. टिकलं एकच, ‘काका आत्ताच गेले’. नाटकातल्या कारकुनाला सुट्टी हवी असते, म्हणून तो साहेबांना ठोकून देतो की माझे काका वारले. सुट्टी मिळते. चार दिवसांनी साहेब स्वतः सांत्वनाला त्याच्या घरी येतात, आणि नेमके तेव्हाच काका हातात बॅग घेऊन दारात उभे. पुढचे दोन तास कारकून काकांना एका दारातून काढून दुसऱ्या दारात ढकलत असतो आणि साहेब मधल्या खोलीत बसून, कधीही न भेटलेल्या काकांच्या आठवणी काढून डोळे पुसत असतात. मंडळीत सगळे एकमेकांना भूमिकेच्या नावानंच हाक मारत. कारकून, साहेब, काका. मीही तेच करते.

या नाटकाला पाच दारं आणि एक कपाट लागे. मामा म्हणत, नट चुकला तर दुसरा नट सावरून घेतो, दार चुकलं तर सगळे मिळूनही सावरू शकत नाहीत. रंगमंचावरची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. दार जोरात लावलं की अख्खी भिंत लटलट हलते आणि घराचं सोंग उघडं पडतं. मामांनी चौकटींना मागून वाळूच्या पिशव्या बांधल्या, कडांना चामड्याच्या पट्ट्या लावल्या, बिजागऱ्यांना साबण चोळला. शिवाय प्रत्येक दाराचा आवाज वेगळा ठेवला. स्वयंपाकघराचं दार धप्प वाजे, न्हाणीघराचं खट्. पाठमोऱ्या नटाला नुसत्या आवाजावरून कळे, की आता संकट कुठून येतंय.

हे सगळं करून मामांनी ते नाटक समोरून एकदाही पाहिलं नव्हतं. ते कायम भिंतीच्या मागे. तिथून त्यांना दिसे ते एवढंच, की काका धापा टाकत एका दारातून बाहेर येतात, घोटभर पाणी पितात आणि दुसऱ्या दाराकडे धावतात. नाटक कशावर आहे असं कुणी विचारलं तर मामा गंभीरपणे सांगत, “एका म्हाताऱ्याचे फार हाल होतात.” लोक का हसतात हे त्यांच्या ध्यानात येत नसे. मामीनं ते अकरा वेळा पाहिलं होतं. जेवताना ती त्यांना एकेक प्रसंग समजावून सांगायची. मामा घास हातात धरून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, पण मग काकांनी सरळ सांगून का नाही टाकलं?

मग त्या नाटकावर सिनेमा करायचं ठरलं. नट तेच घेतले, दिग्दर्शक मात्र सिनेमाचा, तरुण आणि फार वाचलेला. कापडाच्या भिंती नकोत, सगळं खरं हवं, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं तळमजल्यावरचं घर भाड्यानं घेतलं. घराला दारं भरपूर, म्हणून तेच पसंत पडलं. सुताराची गरज कुणाला वाटली नाही, आणि मामा घरी बसून मामीच्या पाटाला नवे पाय बसवू लागले.

पहिले दोन दिवस शूटिंगचा पार बोजवारा उडाला. खरी दारं सागवानी आणि जड. काका आवेशानं धावत जात आणि दार उघडायला दोन्ही हात लावून मिनिटभर कुंथत. न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडे, त्यामुळे घाईत आत शिरलेल्या माणसाला ते लावण्यासाठी आधी बादलीत उभं राहावं लागे. त्यात नटांची तीस वर्षांची सवय. साहेबांनी एक वाक्य टाकलं आणि ते गप्प उभे राहिले. दिग्दर्शकानं विचारलं, का थांबलात?

“हशा ओसरू दे ना,” साहेब म्हणाले.

तिथे हसणारं कुणीच नव्हतं. कॅमेऱ्यामागची माणसं श्वास रोखून उभी होती. दिग्दर्शकानं ती जागा पाच वेळा घेतली आणि पाचही वेळा साहेब न आलेल्या हशासाठी थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा गुडघा चौकटीवर आपटला. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी शांतपणे जाहीर केलं, की मिस्त्री येईपर्यंत आपण मेलेलेच आहोत असं समजावं. कारकून स्वतः मामांना आणायला गेला.

तिसऱ्या दिवशी मामा आले, तेही अवजारांची पिशवी घेऊनच. सकाळभर कुणाशी न बोलता त्यांनी एकेक दार उघडलं, लावलं, कान देऊन ऐकलं. मग दिग्दर्शकाला म्हणाले, “घर चांगलं आहे. राहायला. पळायला नाही.”

दिग्दर्शकाला राग आला, पण काका खुर्चीतून उठेनात, तेव्हा त्यानं मान डोलावली. मामांनी दारं उतरवून रंधा मारून हलकी केली, बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवल्या, न्हाणीघराचं दार बाहेर उघडायला लावलं. अडचण होती घरमालकिणीची. करारात घर द्यायचं लिहिलं होतं, घर सोडायचं नव्हतं, असं सांगून बाई मागच्या खोलीत ठाण मांडून होत्या. प्रत्येक दार उतरलं की त्या येऊन मामांना विचारत, हे परत कधी लागणार? मामा सांगत, दुपारी. आणि ते दुपारी लागे. तिसऱ्या दारानंतर बाईंनी विचारणं सोडलं आणि मामांसाठी चहा पाठवू लागल्या.

कपाटाचं काही केल्या जमेना. ते बाईंच्या आईच्या वेळचं, भिंतीत बसवलेलं. त्याला रंधा लावायची बाईंनी साफ मनाई केली होती. काका आत शिरल्यावर त्याची झडप आपोआप मिटायला हवी, आणि ती काही मिटत नव्हती. शेवटी मामांनी तोडगा काढला. कपाट आतून चांगलं ऐसपैस होतं. मामा डाव्या झडपेमागे उकिडवे बसणार आणि काका उजवीकडून आत आले की आतून उजवी झडप ओढून घेणार. डावी झडप कुणी उघडायची नव्हती.

शॉट सुरू झाला. काका आत आले, मामांनी झडप ओढली, सगळं सुरेख झालं. पुढे साहेबांनी रुमाल शोधायला कपाटाकडे जायचं आणि कारकुनानं त्यांना अडवायचं. पण साहेब त्या दिवशी भूमिकेत इतके शिरले होते, की कारकून पोचायच्या आत त्यांनी डावी झडप उघडली. आत मामा होते. दोन्ही गुडघे हनुवटीला लावलेले, कानावर पेन्सिल, हातात स्क्रू ड्रायव्हर.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब जुने नट. त्यांनी अदबीनं “माफ करा” म्हटलं, झडप लावली आणि कारकुनाकडे वळून विचारलं, “हे कोण?”

“सुतार,” कारकून म्हणाला.

“कपाटात?”

“काम आतून चालू आहे.”

कॅमेऱ्यामागचा एक माणूस फस्सकन हसला, मग दुसरा, मग सगळेच. दिग्दर्शक तोंडात रुमाल कोंबून उभा होता आणि थांबा म्हणायचं विसरला होता. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच हशा झाला होता, आणि साहेब तो संपेपर्यंत नीट थांबले.

मामा बाहेर आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि तो तुकडा काढून टाका म्हणाले. दिग्दर्शकानं त्यांना मिठी मारली. त्यावरून मामांना वाटलं, त्यांचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पुढच्या आठवड्यात ते तीनदा त्याच्याकडे जाऊन आले. तिसऱ्यांदा तर त्यांनी लेखी अर्ज नेला. ‘माझ्या हयगयीमुळे मी दिसलो, तरी मला काढून टाकावे ही विनंती.’ दिग्दर्शकानं तो अर्ज चौकट करून भिंतीवर लावला.

घरी त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. सिनेमा लागला तेव्हा मामी, आई, मी असे सगळे निघालो. मामांचं आधी पोट दुखत होतं, मग पाठ. मामीनं त्यांची चप्पल पुढे ठेवली आणि ती दारात उभी राहिली, तेव्हा ते निघाले.

त्या दिवशी मामांनी ते नाटक पहिल्यांदा समोरून पाहिलं. मी त्यांच्या शेजारी होते. पहिली दहा मिनिटं ते फक्त दारं बघत होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. मग साहेबांनी काकांची पहिली खोटी आठवण सांगितली, आणि त्यांच्या पाठीमागून खरे काका टॉवेल गुंडाळून खोलीभर चालत गेले. मामांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. ते हसत होते. तीस वर्षांचं साठलेलं हसू बाहेर यायला वाट शोधत होतं. त्यांनी मामीचा हात धरला आणि पुन्हापुन्हा सांगू लागले, अगं, तो मागेच आहे, आणि याला ठाऊकच नाही. मामी म्हणाली, “हेच मी तुम्हाला तीस वर्षं सांगतेय.”

मग कपाट उघडलं. सगळं थिएटर असं हसलं की पुढची वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. मामा खुर्चीत खाली सरकत सरकत जवळजवळ जमिनीला टेकले. मामीनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी खाली पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की तिला उठून बाहेर जावं लागलं.

त्यानंतर त्यांना रस्त्यानं सरळ जाणं मुश्कील झालं. भाजी घ्यायला गेले तरी लोक विचारत, काम आतून चालू आहे का? कपाटाच्या दुरुस्तीला बोलावणारी गिऱ्हाइकं काम झाल्यावर म्हणत, एकदा आत बसून दाखवा ना, मुलांना बघायचंय. मामा चिडत आणि मग, मुलं ताटकळत उभी आहेत असं बघून, बसत.

खरी पंचाईत पुढे झाली. सिनेमा बघून लोक पुन्हा नाटकाला येऊ लागले आणि कपाटात सुतार नाही म्हणून कुरकुरू लागले. मंडळीनं मामांना गळ घातली. मामांनी सपशेल नकार दिला. मग काका घरी आले, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि म्हणाले, “मिस्त्री, तीस वर्षं तुम्ही मला पाणी दिलंत. आता मी एकटाच कपाटात बसू का?” मामांनी मान खाली घातली ती होकारासाठीच.

पहिल्या प्रयोगाला त्यांनी केस विंचरले, नवा सदरा घातला. कपाट उघडलं तेव्हा ते ताठ बसून प्रेक्षकांकडे बघत होते, फोटोला बसल्यासारखे. कुणी हसलं नाही. दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी चेहरा वेडावाकडा करून पाहिला. तेव्हा तर एक लहान मूल रडलं. मामा काकांना म्हणाले, मला जमत नाही, मला अभिनय येत नाही. काकांनी थोडा विचार केला आणि तिसऱ्या प्रयोगाआधी कपाटाच्या आतल्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल करून ठेवले, मामांना न सांगता.

मामा आत बसले, त्यांना बिजागरी हलताना दिसली, आणि बाकी सगळं ते विसरले. साहेबांनी झडप उघडली तेव्हा मामांनी वरही पाहिलं नाही. “जरा लावून घ्या,” ते म्हणाले, “उजेड डोळ्यावर येतोय.”

हशा इतका लांबला की साहेबांना दोनदा रुमाल काढावा लागला. विंगेत उभ्या असलेल्या लेखकानं ते वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. पुढे दीडशेच्या वर प्रयोग झाले आणि प्रत्येक प्रयोगाआधी काका एक वेगळा स्क्रू सैल करत. मामांना हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, हल्ली स्क्रू चांगले मिळत नाहीत.

नाटकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा पात्रांच्या यादीत शेवटी ‘सुतार’ छापलं होतं, आणि ते वाक्यही. लेखकानं सही करून एक प्रत घरी पाठवली. मामीनं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी पुस्तक हातात घेतलं, पानं उलटून मागचा रंगमंचाचा नकाशा काढला आणि बराच वेळ बघत बसले. स्वयंपाकघराचं दार चुकीच्या बाजूला उघडत होतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून ते नीट केलं आणि पुस्तक त्याच पाकिटात घालून प्रकाशकाकडे परत पाठवलं.

प्रकाशकाचं आभाराचं पत्र आलं, सोबत दुसरी प्रत. तीही त्यांनी दुरुस्त केली.