दोन झाडांमधली झोळी

पौषातल्या संध्याकाळी डोंगरावर मुक्कामाला म्हणून दोन जांभळांच्या मधे मी हॅमॉक बांधला. मोळी घेऊन वाडीकडे निघालेल्या एक मावशी थबकल्या आणि मोळीसकट वाकून आत डोकावल्या.

"कोन आजारी हाय?"

"कुणी नाही, मावशी. झोपायला बांधलंय."

त्यांना ते पटलं नसावं. वाडीला अजून रस्ता नाही. दुखणेकऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीत घालूनच खाली दवाखान्यात न्यायचं.

"वरनं कितीबी पांघरा, झोळीत गार खालनं लागतं," त्या म्हणाल्या. "मानूस कुडकुडतंय तवर आमी बेतानं चालतो. कुडकुडायचं थांबलं की पळतो, मग हातात येळ नसतो."

त्या गेल्या. मी बरोबर आणलेली घोंगडी हॅमॉकच्या खालून बांधली, आत शिरून स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढली. कापड दोन्ही बाजूंनी अंगावर मिटत आलं. तान्ह्या बाळालाही झोळीच बांधतात. झोका तोच, ऊबही तीच. आपण कुठल्या झोळीत आहोत हे आत निजलेल्याला कसं कळावं? वारा पाठीखालून घोंगडी चाचपत फिरत होता. माझे दात वाजत होते. मी ते वाजू दिले. त्या आवाजाचाच काय तो धीर होता.

अंधार पडता पडता दात वाजायचे थांबले. ऊब आली होती. ऊबच आली असणार, असं स्वतःला समजावत मी वाडीच्या वाटेकडे कान लावून पडून राहिलो, कुणी पळत येतंय का ते ऐकत.