पुढच्या चाकाची खांदेमळणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, असोदा-जळगाव रस्त्यावर माझी स्पोर्ट्स मोटरसायकल एसटी बसच्या मागच्या बंपरला टेकून थांबली. कोणालाही लागले नाही. बसचे काही बिघडले नाही. मोटरसायकलच्या पुढच्या मडगार्डवर बोटभर ओरखडा आला. मागे बायको बसली होती. ती उतरली, तिने ओरखडा पाहिला आणि त्याच बसमध्ये चढून शाळेत गेली. ती जळगावात शिक्षिका आहे.

बस प्रवासी घेण्यासाठी थांबली होती. माझा वेग चाळीसच्या आसपास होता आणि अंतर भरपूर होते. पुढचा ब्रेक पूर्ण दाबला, तरी गाडी सरकत राहिली. मागचा ब्रेक लागला म्हणून प्रकरण बंपरवर निभावले.

संध्याकाळी बायकोने निर्णय सांगितला. तिचा भाऊ सावद्याला असतो, केळीचा व्यापार करतो. ही गाडी त्याला दोन वर्षांपासून हवी आहे.

"रविवारी तो येतोय. तोपर्यंत ब्रेक नीट झाले तर ठीक. नाही तर चावी त्याला द्यायची."

"बिनब्रेकची गाडी सख्ख्या भावाला?"

"तो दुसऱ्या दिवशी नवीन बसवून घेईल. तुम्ही बसवत नाही, तुम्ही माहिती घेत बसता."

पंचवीस वर्षे बातमीदारी केल्याने आधी माहिती घ्यायची सवय लागली आहे. ही गाडी मी एक्कावन्नाव्या वर्षी जुन्यातली घेतली. लाल रंग, पुढे झुकलेले हँडल, मागे वर उचललेली शेपटी. वडिलांना घरात सगळे आबा म्हणतात. ते तिला नाकतोडा म्हणतात. शाळेच्या वाटेवर बायको रोज मागे बसते आणि रोज सांगते की ही बसायची जागा नाही. तरी बसते. गाडी गेली असती, तर ही सकाळची पंचवीस मिनिटेही गेली असती.

त्याआधी, मंगळवारी दुपारीच, गाडी जळगावच्या नेहमीच्या गॅरेजवर नेली होती. मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावून ते काळे पडल्याचे सांगितले. त्याने ऑइल बदलले आणि नळीतली हवा काढली. लिव्हर आधीही कडक होता, नंतरही कडकच राहिला. ब्रेक मात्र तसाच.

"नवीन ऑइल आहे. दोन दिवस जाऊ द्या," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी शेताकडच्या मोकळ्या रस्त्यावर मोजणी केली. चाळीसच्या वेगातून फक्त मागचा ब्रेक दाबला, तर गाडी पंचवीस पावलांत थांबत होती. फक्त पुढचा दाबला, तर चौतीस पावले लागत होती. खरे तर पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा जोरकस असायला हवा. येथे उलटे होते.

आणखी एक गोष्ट नक्की होती. रविवारी दुपारी एक वाजता गाडी जळगावहून आणली, तेव्हा ब्रेक चांगले होते. त्यानंतर मंगळवारी सकाळपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस तास, ती अंगणात लिंबाखाली उभी होती. या चव्वेचाळीस तासांबद्दल मी दोन मेकॅनिक, एक सुटे भाग विकणारा आणि धुळ्यातला एक मित्र यांच्याशी बोललो. उभ्या गाडीला काय होणार, असे सगळ्यांचे मत पडले. घरात कोणाला विचारले नाही.

धुळ्याच्या मित्राने तिथल्या एका मेकॅनिकचे गॅरेज सांगितले. तो फक्त स्पोर्ट्स गाड्यांचेच काम करतो. नव्वदेक किलोमीटर गाडी चालवत नेण्यास बायकोने साफ मनाई केली. गुरुवारी पहाटे गावातल्या एकाची पिकअप केळी घेऊन धुळ्याला निघाली होती. तिच्यात मागे गाडी आडवी बांधली. केळीच्या घडांना चेनचे तेल लागू नये म्हणून मध्ये केळीची पाने दाबून भरली. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते आधीच चालकाशेजारी जाऊन बसले होते.

"तुमी काय करता येऊन?" चालकाने विचारले.

"नाकतोड्याले काय झालं ते पाहतो."

धुळ्याचा मेकॅनिक चाळिशीतला, हातात कायम फडके असलेला, अहिराणी बोलणारा माणूस निघाला. त्याने गाडी स्टँडवर घेतली, पुढचे चाक हाताने फिरवले आणि लिव्हर दाबला. चाक थांबले. लिव्हर दाबलेला ठेवून त्याने पुन्हा जोर लावला. चाक हळूच सरकले.

"ऑइल बदलं का कोनी?" त्याने विचारले.

"परवाच."

"बठ्ठा लोके पहिले ऑइलच बदलतस. हवा ऱ्हाती ते लिव्हर नरम लागता. हाऊ ते दगड शे."

म्हणजे नळीत हवा नव्हती, दाब चाकापर्यंत पोचत होता, पण पकड बसत नव्हती. त्याने कॅलिपर खोलले. डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे ब्रेक पॅड त्यातून काढले आणि उजेडात धरले. त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता आणि कडांना पिवळे डाग होते. त्याने एक पॅड नाकाशी नेला. मग माझ्याकडे दिला.

"वास ल्या, भाऊ."

मी वास घेतला. हा वास मंगळवारी सकाळीही आला होता, बसमागे ब्रेक दाबताना. तेव्हा बायको म्हणाली होती, की कोणाकडे तरी पुरणपोळ्या उरलेल्या दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात तो वास येणारच, म्हणून मी लक्ष दिले नव्हते.

"तूप शे," मेकॅनिक म्हणाला. "आनी हळद. वीस वरीसमा पहिल्यांदा देखी राह्यनू."

बाकावर चहा पीत बसलेल्या आबांनी कप खाली ठेवला.

"मीच लावलं. खांदेमळनी केली."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना आराम पडावा, हा हेतू. आमच्याकडे सहा वर्षांपासून बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे.

"मग ट्रॅक्टरला लावायचं होतं ना, आबा," मी म्हणालो.

"ट्रॅक्टर भाड्यानं गेला व्हता. घरी हेच जनावर व्हतं. सुनेले रोज पाठीवर नेतं."

"पण चाकाला?"

"खांदा पुढंच असतो ना? दोन्ही दांड्याले चोळलं. खाली ते चक्कर गंजल्यासारखं दिसत व्हतं. मंग त्यालेबी चांगलं वाटीभर लावलं."

मेकॅनिक फडक्यात तोंड खुपसून हसत होता. हसणे आवरल्यावर त्याने विचारले, "आबा, मांगना चाकले काब्र नही लावं?"

"बैलाच्या ढुंगनाले कोनी तूप लावतं का?"

त्यामुळेच मागचा ब्रेक शाबूत राहिला होता.

डिस्क त्याने आधी साबणाच्या गरम पाण्याने, मग थिनरने तीन वेळा पुसली. पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवले. गॅरेजसमोरच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला पुन्हा तोच वास आला. पॅड तापले, की आत मुरलेले तूप बाहेर येत होते.

"हाई पॅड गयात. येस्नी पोयी खायेल शे," त्याने सांगितले. पोळी खाल्लेले पॅड आता कामाचे नव्हते.

नवीन पॅड मागवले. ते यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात आबांनी त्याच्याकडून कॅलिपरचे काम समजून घेतले, ब्रेकच्या नळीत तेल का असते हे विचारले आणि तेल चालते तर तूप का चालत नाही, हेही विचारले.

"तेल नळीमा, आबा. बाहेर कोरडं पाह्यजे."

"मंग पुढच्या साली कुठी लावू?"

"टाकीले लावा. शीटले नका लावू, वहिनी घसरी जाई."

नवीन पॅड बसवल्यावर त्याने लगेच गाडी दिली नाही. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. म्हणून शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर मला तीस वेळा वेग घ्यायला आणि हळूहळू ब्रेक दाबायला लावले. प्रत्येक वेळी मागून ओरडून तो आकडा सांगत होता. शेवटच्या काही वेळा आबाही मोजत होते. त्यांचा आकडा दोनने पुढे होता.

दुपारी तीनला मी नव्या पॅडची गाडी जपून, सावकाश चालवत परत निघालो. आबा रिकाम्या पिकअपमधून गेले आणि माझ्या तासभर आधी पोचले. मी अंगणात शिरलो तेव्हा बायकोला सगळे कळले होते. आबांनी स्वतःच सांगितले होते. ती ओट्यावर बसून डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आले होते.

"आबांना काही बोलू नका," ती म्हणाली. "पण रविवारचं रविवारीच."

"ब्रेक नीट झाले."

"ते तुम्ही सांगताय. मी पाहिलेलं नाही."

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला शेताकडच्या रस्त्यावर तिने चुन्याने दोन रेघा मारल्या. दोहोंत तिच्या पावलांनी अठरा पावले अंतर होते. अट अशी, की वेग चाळीस असावा, ब्रेक पहिल्या रेघेवर दाबावा आणि गाडी दुसरीच्या आत थांबावी. आबा दुसऱ्या रेघेशी उकिडवे बसले. मी एकटा तीन वेळा आलो. तिन्ही वेळा पुढचे चाक रेघेच्या आत राहिले. तिसऱ्या वेळी आबांनी हाताने मोजून तीन वीत अंतर सांगितले.

चौथ्या वेळी ती मागे बसली. दोघांच्या वजनाने गाडी जास्त सरकेल, हे मी आधी सांगितले. ती म्हणाली, रोज दोघेच असतो. गाडी थांबली. रेघ आणि चाक यांत चार बोटे राहिली. आबांनी दोनदा मोजली.

सहा वाजून दहा मिनिटांनी तिने सावद्याला फोन लावला आणि भावाला सांगितले, की जेवायला नक्की ये, पण परत जायचेही बसनेच, हे धरून ये.

तो रविवारी अकराला बसने आला आणि साडेचारच्या बसने परत गेला.