लिथियमची बारीक गोळी

माझा मोठा भाऊ बोटीवर फिटर होता. एकदा सुट्टीवर आला आणि त्याची झोपच उडाली. चार मच्छीमार नौका घेणार, पूर्णगडला बर्फाचा कारखाना काढणार, असं अखंड बोलत राहिला. पुढे असा मिटला की पेजेची वाटीही हातात धरीना. रत्नागिरीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी लिथियम सुरू केलं. बोटीवरची नोकरी सुटली, पण दादा माणसात आला. त्याने लग्न केलं नाही. माझी बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून मी घरी आलो की आम्हा दोघांचा संसार सुरू व्हायचा. तो मासे साफ करायचा, भातआमटी माझ्याकडे.

ती गोळी सांभाळावी लागायची. अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमीजास्त करायचं नाही. एका मे महिन्यात त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी अंगणात तोल जायला लागला, जीभ जड झाली. शेजारी दगडी गडग्यापलीकडून म्हणाला, "आज सकाळीच चढवलीन वाटतं." दादा जन्मात दारूला शिवला नव्हता. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी कमी होऊन रक्तात लिथियम वाढलं होतं. सलाइन लागलं, गोळी थांबली, तो वाचला. मग कमी मात्रेने ती पुन्हा सुरू झाली आणि तिच्यावर तो पुष्कळ वर्षं जगला. गेल्या वर्षी एका दुपारी ओटीवर बसल्याबसल्या हृदय थांबून गेला.

त्यानंतर घरात बोलायला कुणी राहिलं नाही. एकदा मासेवालीला बांगड्याचा भाव विचारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आदल्या दिवशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. गॅसवर ठेवलेलं दूध विसरायला लागलो. कॅनडातल्या भाच्याला हे फोनवर सांगितलं, तर त्याने कुरियरने एक बाटली पाठवली. लेबलवर 'लिथियम' वाचून मी खालीच बसलो.

"घाबरू नकोस मामा," तो म्हणाला. "हे मोठ्या मामाचं औषध नाही. अगदी बारीक डोस आहे, इकडे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. मूड सुधारतो, मेंदूलाही चांगलं म्हणतात."

मी ती घेतली. विश्वास बसला म्हणून नव्हे. इतक्या लांब कुणीतरी माझी आठवण काढून दुकानात गेलं होतं म्हणून. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, "घेतलीस?" मी "हो" लिहायचो. काही दिवस खरंच बरं वाटलं. गोळीने की मेसेजने, देव जाणे.

मग एकदा चहा ओतताना माझा हात थरथरला. दादाचा थरथरायचा, तसाच. मी बाटली खिशात घातली आणि त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आता त्यांचे केस पांढरे झालेत.

"आणखी कुठली गोळी घेता?" त्यांनी विचारलं. मी ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट दाखवलं. "ही लघवी वाढवणारी आहे. हिच्याबरोबर लिथियम अंगात साठू शकतं. एवढ्याशा डोसने बहुधा काही झालं नसेल, पण विचारून घ्यायचं होतं."

"म्हणजे हिचा उपयोग काहीच नाही?"

"संशोधन चाललंय, आशाही आहे. पण माणसांवर अजून नीट सिद्ध झालेलं नाही. तुम्ही बंद करा. रक्त तपासू."

मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचे दादा आले की आधी आमच्या नर्सला विचारायचे, 'जेवलीस का गो?' ती अजून आठवण काढते."

हे मला माहीत नव्हतं. तो गेल्यापासून त्याच्याबद्दल नवं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई उगाचच टेबलावरचे कागद लावत बसल्या.

रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. थरथर वयाची निघाली. भाचा म्हणाला, "बरं केलंस बंद केलीस ते." आठवडाभर त्याचे मेसेज आले, मग विरळ झाले. त्याला नोकरी आहे, मुलं आहेत.

बाईंच्या सांगण्यावरून मी पेशंटांच्या घरच्यांच्या बैठकीला गेलो. लिथियम नुकतंच सुरू झालेल्यांना दादाच्या जुलाबांची गोष्ट सांगितली. बैठक संपल्यावर देवरूखची एक बाई नवऱ्याला घेऊन माझ्याजवळ आली.

"तुमचे भाऊ आता बरे आहेत ना?"

"गेला तो. पण या गोळीने नाही हो."

ती म्हणाली, "गाडीला वेळ आहे आमच्या. स्टँडवर येता?"

स्टँडवर तिने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. नवरा जमिनीकडे बघत होता. मी दादाबद्दल बोलत राहिलो, तीही मध्येमध्ये विचारत होती. देवरूखची गाडी लागली तशी दोघं उठली. "येतो हं," नवरा म्हणाला, तेवढंच. मी चालत घरी आलो, कुलूप काढलं आणि एकट्यापुरता भात लावला.