मान वळवून घेतलेला श्वास

माझ्या भावाचं काम काच फुंकण्याचं. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकानं हवा भरायची आणि प्रयोगशाळेसाठी चंबू तयार करायचा. मी त्याच कारखान्यात चंबूंच्या कडा घासते. त्याची मुलगी सोळाव्या वर्षी भट्टीवर उभी राहिली आणि दोन वर्षांत बापाच्या तोडीचे चंबू करू लागली. भाची म्हणून कौतुक करत नाही. कडा घासणारीला कुणाची काच कशी ते बोटांनीच कळतं.

पण पोरीचा जीव क्लॅरिनेटमध्ये. कारखान्याचा पहारेकरी तरुणपणी बँडमध्ये होता. त्यानं आपलं जुनं क्लॅरिनेट तिला दिलं आणि जेवणाच्या सुट्टीत मालाच्या खोलीत तिला शिकवायलाही लागला. बोटं कुठे ठेवायची, ओठ कसे दाबायचे, सगळं सांगितलं. श्वासाचं तेवढं राहिलं. काच फुंकणारीला फुंकायला काय शिकवायचं, असं त्याला वाटलं. शहाणाच तो.

वाद्यवृंदाच्या शाळेत क्लॅरिनेटची दरवर्षी एकच जागा, तीही विशीच्या आतल्यांना. पहिल्या वेळी प्रवेशपरीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. दाराला कान लावणं मला शोभत नाही, म्हणून दार थोडं उघडंच ठेवलं. छान वाजवत होती. पण दर ओळीला क्लॅरिनेट तोंडातून काढायची, मान डावीकडे वळवायची, श्वास घ्यायची आणि मग पुढे वाजवायची. सूर प्रत्येक वेळी तुटायचा. हे काय करतेस, असं परीक्षक बाईंनी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मला कळला. भट्टीवर तसंच करतात. फुंकणी तोंडात असताना श्वास ओढला तर तापलेली हवा घशात जाते. आमच्या एका कारागिराचा आवाज त्यातच कायमचा गेला. म्हणून भावानं पहिल्याच दिवशी तिला ही सवय लावली होती, आणि चुकली की पाठीत धपाटा.

वाद्य ओठातच ठेवून तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घ्यायला शीक आणि पुढच्या वर्षी ये, असं बाई म्हणाल्या. तिचं वय बघता तेवढी एकच संधी उरली होती.

वर्षभर तिनं दुसरं काही केलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी चिडवायचे. ती हसायची नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढं भाऊ एकदा म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. मला त्याचा राग यायचा. दोघांच्या कामावर घर चालतं हे दिसत होतं, तरी यायचा.

परीक्षेला महिना असताना मोठ्या चंबूंचं काम आलं. सकाळी ती फुंकणीवर होती. काच फुगत आली, दम कमी पडला, आणि फुंकणी ओठातच ठेवून तिनं तोंडाचे कोपरे उघडले. भावानं फुंकणी हिसकावली. चंबू जमिनीवर आपटून फुटला. सगळ्यांचे हात थांबले.

आता भाऊ तिचं क्लॅरिनेट भट्टीत घालतो, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

"होणार. आता ते तुझ्या अंगात शिरलंय." त्यानं तिचे हातमोजे काढून घेतले. "उद्यापासून भट्टीवर यायचं नाही. तिकडेच जा."

"आणि इथलं काम?"

"इथलं मी बघतो."

ती बाहेर गेल्यावर तो काचा गोळा करत राहिला. असा हात पुन्हा मिळायचा नाही, एवढंच मला म्हणाला. मला त्याची फार माया आली.

जागा तिला मिळाली. वर्षाअखेरच्या कार्यक्रमात आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. सूर कुठे तुटत नव्हता. पण मान न वळवता तिनं श्वास घेतला, की भाऊ खुर्चीत दचकायचा आणि त्याचा हात फुंकणी हिसकावायला पुढे जायचा. शेवटी मी तो हात धरून बसले.