चौकटचा एक्का

माझे सासरे माजलगावच्या साखर कारखान्यात नोकरीला होते, तिथल्या क्लबात ब्रिज शिकले. निवृत्त होऊन धारूरला आल्यावर चौघांची जमवाजमव होईना, म्हणून त्यांनी आधी सासूबाईंना शिकवलं, मग लग्न होऊन आलेल्या मला. चौथे शेजारचे गुरांचे डॉक्टर. सासू-सून एकीकडे, ते दोघं दुसरीकडे. दर रविवारी दुपारी डाव बसतो.

हातात एक्का आला की मला दम निघत नसे. पहिल्या संधीला टाकून मोकळी. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "तुजा एक्का काय पळून चाललाय व्हय? कावून घाई करतीस?"

परवाच्या रविवारी सासऱ्यांनी बिनहुकमी डाव बोलला. नऊ हात करायचे होते. बोलणाऱ्याच्या भिडूची पानं उघडी मांडायची आणि दोन्हीकडची पानं त्यानेच खेळायची, या नियमाने डॉक्टरांची पानं टेबलावर उघडी झाली. चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अशी रांगच! बाकी सगळा पाचोळा. चौकटचा एक्का माझ्याकडे.

सासऱ्यांनी हातातून बारीक चौकट टाकली. सासूबाईंची दुर्री, टेबलावरून राजा. माझी बोटं एक्क्यावर गेली, आणि कशीबशी मागे आली. मी पंजी टाकली.

"एक्का तिकडं हाय तर," सासूबाईंकडे बघत सासरे खूश झाले. पुन्हा चौकट आली. या वेळी सासूबाईंनी सत्ती टाकली.

आधी लहान, मग मोठं. म्हणजे पानं विषम, सासूबाईंकडे चौकटची तीन. ही खूण सासऱ्यांनीच आम्हाला शिकवलेली. टेबलावर पाच, माझी तीन, त्यांची तीन. तेरातली उरली सासऱ्यांकडे दोनच, आणि दुसरं आत्ताच पडलं! टेबलावरच्या राणीवर मी एक्का मारला.

आता सासऱ्यांच्या हातात चौकट उरली नव्हती, आणि खेळी टेबलाकडे न्यायला तिथे हात जिंकणारं दुसऱ्या रंगाचं पानही नव्हतं. गुलाम, दश्शी, नव्वी जागच्या जागी बसून राहिले. डाव आठ हातांवर अडकला.

"हिला कसं कळलं बे?" सासऱ्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आमी बोललो की," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोरच."

मला इतकं हसू आलं की पानं गोळा करता येईनात. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. एरवी आमचं बोलणं भाजीत मीठ किती, एवढ्यापुरतंच.

सासरे हट्टाला पेटले. "अजून एक डाव!"

"सैपाकाची येळ झाली. खिचडी तुमी टाका, मंग खेळू."

ते खरंच उठले. डॉक्टर लसूण सोलायला गेले. खिचडी जरा लागली होती, पण आम्ही दोघींनी दोनदा वाढून घेतली.